सातवी, सर्टिफिकेट आणि डिप्लोमा

परवा माझ्या भाचीची मुलगी घरी आली होती. तिला ग्रंथालयशास्त्र शिकायचंय. आता त्याला ग्रंथालय आणि माहितीशास्त्र म्हणतात म्हणे. तीन कॉलेजांची माहितीपत्रकं तिनं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, कुठल्या कोर्सला किती खर्च आणि पुढे काय मिळतं, एवढं बघून सांगा. तुम्ही जन्मभर लायब्ररीत होतात."

मी चष्मा लावला, सगळं वाचलं आणि पत्रकं खाली ठेवली. असं कुणी विचारलं की मला आकडे सुचत नाहीत, माणसं आठवतात. एकाचा किस्सा काढावा तर त्याच्यामागून दुसऱ्याचा येतो. लोणावळ्याच्या आमच्या वाचनालयात खरं तर आम्ही तिघंच. एकानं या विषयातलं काहीच शिक्षण घेतलं नव्हतं, एकानं थोडं घेतलं, एकीनं पूर्ण घेतलं. म्हणजे तुलनेला अगदी सोयीचं. सांगतो, तुम्हीच काय ते ठरवा.

* * *

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आबा येवले आमचे ग्रंथपाल. वाकसईच्या शेतकरी घरातले. शिक्षण सातवी, म्हणजे त्या वेळची फायनल. रोज सकाळी वाकसईहून चालत यायचे आणि आठच्या ठोक्याला कुलूप काढायचे. मी मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो, तेव्हा त्यांनीच मला मदतनीस म्हणून बोलावून घेतलं.

पुस्तकांवर नंबर होते, पण आबांना नंबर लागत नसत. त्यांची कपाटं माणसांवरून लावलेली. एक रेल्वेवाल्यांचं कपाट. ड्यूटीची हाक आली की कुठेही मिटून ठेवता येतील अशी पुस्तकं त्यात. एक माहेरवाशिणींचं, दोन-चार दिवसांत वाचून होतील असं. आणि खिडकीजवळचं एक, आजाऱ्यांचं. तेव्हा छातीची दुखणी घेऊन लोक हवापालटासाठी लोणावळ्याला महिने-महिने खोली घेऊन राहत. त्यांच्यासाठी हे कपाट. त्यातल्या एकाही पुस्तकात शेवटी कुणी मरत नसे.

नवं पुस्तक आलं की आबा आधी शेवटची पानं वाचायचे. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "वसंता, आजारी मान्साला शेवट ठावं नसतो. द्येनाऱ्याला ठावं पायजे."

* * *

एका वर्षी अनुदानाची तपासणी करायला सरकारी इन्स्पेक्टर आले. देवघेवीच्या टेबलाशी बसून ते फॉर्म भरू लागले.

"ग्रंथपालाचं शिक्षण?"

"फायनल पास," आबा म्हणाले.

"ग्रंथपालनाचं?"

"सोळा वर्सं."

"वर्षं नाही विचारली. कोर्स कुठला झालाय?"

इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं थोडा वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि मग लिहिलं, 'अप्रशिक्षित'.

ते गेल्यावर आबांनी मला विचारलं, "त्यांनी काय लिवलं, त्याचा अर्थ काय रं?"

शब्द त्यांना कळला होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी सांगितलं, "प्रशिक्षण न घेतलेला, आबा. म्हणजे कुणी शिकवलं नाही असा."

"व्हय," ते म्हणाले, "खरंच हाय ते. मला कुनी शिकिवलं न्हाई." आणि खिडकीची कडी सैल झाली होती, ती ठोकायला गेले.

* * *

दोन महिन्यांनी पत्र आलं. वर्षभरात प्रशिक्षित ग्रंथपाल नेमला नाही तर अनुदान कमी होणार. कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष वकीलसाहेब होते. त्यांचा स्वतःचा बंगला होता आणि वाचनालयावर जीव होता. ते म्हणाले, "आबांनाच पाठवू की कोर्सला."

पण कोर्सला मॅट्रिकची अट होती, वयाचीही होती. आबा दोन्हींत बसत नव्हते. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आबा दाराशी चहाचे कप गोळा करत होते. तिथूनच म्हणाले, "वसंता मॅट्रिक हाय. त्याला धाडा."

वकीलसाहेब चपापले. "आबा, तुमच्या लक्षात येतंय ना? मग ग्रंथपाल तो होईल."

"मला फॉर्म वाचता येतो, साहेब," आबा म्हणाले आणि कप घेऊन बाहेर गेले.

* * *

आता शालिनीचं सांगतो. तिचे वडील रेल्वेत गार्ड, आई लहानपणीच गेलेली. रोज पुण्याला जाऊन-येऊन ती बी.ए. झाली होती आणि सकाळी आमच्याकडे बायकांच्या विभागात बसायची, बिनपगारी. मी कोर्सला जाणार हे कळल्यावर तीही पेटली.

एका दुपारी आम्ही दोघांनी एका कोऱ्या कार्डाच्या पाठीवर रेघ मारली. डाव्या बाजूला माझं सर्टिफिकेट: उन्हाळ्याच्या सुट्टीतला वर्ग, मॅट्रिकला चालतो, फी थोडी, रेल्वेचा पास दोन महिन्यांचा, नोकरी छोट्या वाचनालयात. उजव्या बाजूला तिचा डिप्लोमा: ग्रॅज्युएटच हवा, पूर्ण वर्ष, फी कितीतरी पट, आणि नोकरी कॉलेजात, नाहीतर एखाद्या मोठ्या संस्थेत. उजवी बाजू बघून ती हसत होती.

संध्याकाळी तिनं ते कार्ड वडिलांना दाखवलं. गार्डकाकांनी नीट वाचलं. म्हणाले, "बेटा, तुझ्या लग्नाला म्हणून ठेवलेत तेवढेच आहेत माझ्याकडे. त्यात एक काहीतरी होईल. कुठलं, ते तू ठरव."

"मग तू काय म्हणालीस?" मी तिला विचारलं.

"मी म्हटलं, फीची पावती तुमच्या नावानं घेऊ की माझ्या?"

हे सांगताना ती हसत होती. पुढे कितीतरी वर्षांनी मला तिनं सांगितलं, की त्या दिवशी काका न जेवताच ड्यूटीवर गेले.

* * *

माझा वर्ग पुण्याला झाला. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायचं दशांश वर्गीकरण, तालिका म्हणजे सूची, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही, सगळं मी मन लावून शिकलो. शेवटी तोंडी परीक्षा होती, सगळ्या वर्गासमोर. परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या वाचनालयात सध्या कुठली पद्धत आहे?"

मी सांगितलं. रेल्वेवाल्यांचं कपाट सांगितलं, माहेरवाशिणींचं सांगितलं. आजाऱ्यांच्या कपाटाशी आलो तेव्हा वर्ग हसायला लागला. परीक्षकही हसले. म्हणाले, "आणि निरोगी माणसानं त्यातलं पुस्तक मागितलं तर?"

सगळे आणखी मोठ्यानं हसले. मीही हसलो. मला चांगले मार्क मिळाले.

लोणावळ्याला परत आलो तर आबा स्टेशनवर घ्यायला आले होते. "काय इचारलं तोंडीला?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकातलंच," मी म्हणालो.

* * *

सर्टिफिकेट आलं, कमिटीचा ठराव झाला, मी ग्रंथपाल झालो. आबांना काढलं नाही. वकीलसाहेबांनी त्यांना शिपायाच्या जागेवर ठेवून घेतलं. पगार कमी झाला, पण नोकरी राहिली, असं सगळे म्हणाले. आबाही तसंच म्हणाले.

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा कुलूप निघालेलं होतं, झाडलोट झालेली होती आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवलेला होता. आबा स्टुलावर बसले होते. मला बघून उठले.

"या वसंतराव," ते म्हणाले.

मला कानफटात बसल्यासारखं झालं. "आबा, असं काय बोलता? मी वसंताच आहे."

"घरी ये, घरी वसंता म्हनंन. हितं खुर्ची हाय."

मी रागावलो, विनवण्या केल्या, एकदा तर डोळ्यांतून पाणी आलं. ते ऐकेनात. 'तुमी' आणि 'वसंतराव'. मी त्यांच्या घरी वाकसईला पुढच्या कितीतरी वर्षांत चार-पाच वेळाच गेलो असेन. दर वेळी उंबऱ्यातच ते म्हणायचे, "आला व्हय रं वसंता."

* * *

कोर्सला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी सगळी पुस्तकं नव्यानं लावली. सहा महिने लागले. आबाच शिडीवर चढून पुस्तकं काढून द्यायचे. आजाऱ्यांचं कपाट रिकामं झालं आणि त्यातली पुस्तकं सगळ्या खोलीभर पांगली.

पावसाळ्यात एक बाई आल्या. नागपूरकडच्या होत्या. नवरा आजारी, हवापालटाला आणलेला. म्हणाल्या, "ह्यांना वाचायला काहीतरी द्या. खिडकीजवळच्या कपाटातलं द्या, असं शेजारच्या बाई म्हणाल्या."

"ते कपाट आता नाही," मी म्हणालो, "पण ही कादंबरी घेऊन जा. फार नाव झालंय हिचं."

आबा कोपऱ्यात शेगडीजवळ ओलसर झालेली पुस्तकं शेकत बसले होते. त्यांनी मान वर केली. मी पुस्तक बाईंच्या हातात दिलं होतं. ते परत मागून घ्यावं असं त्यांना वाटलं असणार. पण ते शिपाई होते आणि समोर ग्रंथपाल होता.

आठवड्यानं बाईंनी पुस्तक आणून दिलं. "वाचून झालं का?" मी विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "शेवट वाचल्यापासून बोलत नाहीत फारसे." दुसरं पुस्तक त्यांनी नेलं नाही.

मी ते पुस्तक घरी नेलं आणि वाचलं. त्याआधी मी ते वाचलेलंच नव्हतं, नुसता त्याला नंबर दिला होता. नायक छातीच्या दुखण्यानं मरतो, चाळीस पानं घेऊन.

पुढे काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की काही पुस्तकांच्या पाठीवर, मी चिकटवलेल्या नंबरांच्या खाली, पेन्सिलीचा बारीकसा ठिपका आहे. मी आबांना काही विचारलं नाही. तेव्हापासून आजाऱ्यांना मी ठिपक्याचीच पुस्तकं दिली.

* * *

शालिनी डिप्लोमाला वर्गात पहिली आली. मग अर्ज सुरू झाले. एका कॉलेजात विचारलं, "लग्न कधी करणार?" दुसरीकडे विचारलं, "साडी नेसून शिडीवर कशा चढणार?" तिसरीकडे आधीच कुणाला घ्यायचं ते ठरलं होतं. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी ती आमच्याच कमिटीकडे आली. "मला सहायक म्हणून घ्या," म्हणाली, "वसंतच्या हाताखाली. चालेल मला."

वकीलसाहेबांनी नियम काढून दाखवला. डिप्लोमावाल्याला डिप्लोमाची वेतनश्रेणी द्यावी लागे, आणि तेवढी ऐपत वाचनालयाची नव्हती. "शिक्षण जास्त झालं, पोरी," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"मग मी डिप्लोमा लिहीतच नाही अर्जात," शालिनी म्हणाली. "नुसतं बी.ए. लिहिते."

"तू पहिली आलीस तेव्हा आपणच इथे तुझा सत्कार केला. भाषणही मीच केलं. आता मी खोट्या कागदावर सही कशी करू?"

ती बाहेर आली आणि देवघेवीच्या टेबलाशी उभी राहिली. आबांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाले, "पोरी, मला कोर्स न्हाई म्हनून जागा न्हाई, तुला कोर्स हाय म्हनून न्हाई." मग म्हणाले, "उद्या सकाळी ये तू. बायका इचारत्यात तुला."

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा यायला लागली. बिनपगारी. दुपारी गर्दी नसली की आबांना ती आपल्या डिप्लोमाच्या वह्या दाखवायची आणि आबा ऐकत बसायचे.

* * *

तिला नोकरी मिळाली ती खानदेशात, नव्या निघालेल्या कॉलेजात. पूर्ण श्रेणीची. तोवर गार्डकाका रिटायर झाले होते, क्वार्टर सोडून बाजाराजवळ एका खोलीत राहत होते. "मीही येतो," असं ते म्हणाले नाहीत आणि "चला," असं म्हणायला तिच्याकडे अजून घर नव्हतं.

तिला पोहोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. काका तिच्याकडे बघतच नव्हते. सारखे गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघत होते, जिथे जन्मभर उभे राहिले त्या डब्याकडे. गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "पोहोचल्यावर पत्र टाक. आणि शिडीवर चढताना कुणाला तरी धरायला सांगत जा."

त्याच पावसाळ्यात काका गेले. तार मी केली. तिकडे नदीला पूर आला होता, रस्ता बंद. ती तिसऱ्या दिवशी पोहोचली. तोवर आबांनी आणि मी सगळं उरकलं होतं. खांदा द्यायला आबांचे दोन्ही मुलगे वाकसईहून आले होते.

संध्याकाळी ती वाचनालयात येऊन बसली. मग म्हणाली, "वसंत, माझा पगार तुझ्या दुप्पट आहे. बाबांना सांगायचं राहिलं होतं. म्हटलं, दिवाळीला येईन तेव्हा सांगेन."

* * *

शेवटचा किस्सा आबांचा. पुढे काही वर्षांनी सरकारनं खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांच्या जुन्या कार्यकर्त्यांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग काढला. वयाची अट नाही, मॅट्रिकची नाही. आमच्या भागातला वर्ग वडगावला होता आणि शिकवायला मला नेमलं होतं. यादी आली तर तिच्यात आबांचं नाव. साठी उलटून गेली होती त्यांची. अर्ज त्यांनी स्वतःच केला होता, मला न सांगता.

पंधरा दिवस आम्ही एकाच एसटीनं जात-येत होतो. मी लोणावळ्याला बसायचो, ते वाकसई फाट्याला. वर्गात पहिल्या बाकावर बसायचे. धुतलेली टोपी, नवी वही. मी वर्गात शिरलो की सगळ्यांबरोबर उठून उभे राहायचे. मी काही विचारलं की उत्तर माहीत असूनही बोलत नसत, दुसऱ्यांना बोलू देत.

शेवटच्या दिवशी लेखी परीक्षा झाली. प्रश्न मीच काढले होते, घाईघाईत, नेहमीचेच. वेळ संपली, मंडळी पेपर देऊन पांगली. आबा सगळ्यांत शेवटी उठले. पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी तो तिथेच वाचला. वळणदार अक्षर होतं. वर्गीकरण बरोबर, तालिका बरोबर, दाखल नोंदवहीचे रकाने क्रमानं बरोबर. त्या वर्गात तसा दुसरा पेपर नव्हता. शेवटचा प्रश्न होता, 'ग्रंथपालाला प्रशिक्षणाची आवश्यकता का असते?' दहा मार्कांचा.

त्याला आबांनी दीड पान उत्तर लिहिलं होतं. आणि मग पट्टी धरून त्यातली एकेक ओळ खोडली होती. एकदा नाही, तीन-चारदा, एक अक्षर लागणार नाही अशी. कागद मी उजेडात धरून पाहिला, मागून पाहिला. काही लागलं नाही. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तर येत नाही.'

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. बराच वेळ मला विचारायचा धीर होईना. शेवटी विचारलं, "आबा, शेवटच्या प्रश्नाचं काय लिहिलं होतंत?"

गाडी थांबली. आबांनी बाहेर पाहिलं.

"कामशेत आलं," ते म्हणाले. "हितं भजी चांगली मिळत्यात."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून दोन पुड्या घेतल्या. एक माझ्या हातात दिली. वाकसई फाटा येईपर्यंत आम्ही दोघं खात होतो.